बोसचा अ‍ॅम्प काढण्याआधी बॅलन्स फिरवून बघा

प्रश्न थोडक्यात असा. सेकंड हँड गाडीत कंपनीनेच दिलेली बोसची सिस्टिम आहे, सीटखाली स्पीकरला ताकद देणारा वेगळा अ‍ॅम्प आहे आणि मागे सबवूफर आहे. मूळ स्टिरिओ काढून १० इंची अँड्रॉइड स्क्रीन बसवली. आता आवाज पातळ येतो, सब जवळजवळ मुका झालाय, इंजिन चालू असताना अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते आणि चावी काढली की 'धप्' असा आवाज होतो. दुकानदार म्हणतो, कंपनीचा अ‍ॅम्प काढून टाकू आणि सगळे स्पीकर थेट स्टिरिओला जोडू.

अ‍ॅम्पला अजून हात लावू देऊ नका. चारही तक्रारी अ‍ॅम्प चांगला असतानाही येऊ शकतात, आणि बहुतेक वेळा त्या दोन-तीन चुकीच्या जोडण्यांमुळे येतात.

पहिली चाचणी फुकटची आहे. भरपूर बास असलेलं गाणं लावा आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे. एका बाजूला नेल्यावर सब एकदम जागा झाला आणि मध्यावर आणताच पुन्हा मेला, तर डाव्या किंवा उजव्या चॅनलची प्लस-मायनस उलटी जोडली गेली आहे. सबसाठीचा सिग्नल अ‍ॅम्प आतल्या आत डावा अधिक उजवा असा मिळवून तयार करतो. गाण्यातला बास दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच असतो, त्यामुळे एक बाजू उलटी झाली की बेरजेची वजाबाकी होते. दारातल्या स्पीकरचंही तेच होतं, फक्त ते हवेत होतं: एकाचा पडदा बाहेर येतो तेव्हा दुसऱ्याचा आत जातो. पातळ आवाज आणि मुका सब या दोन तक्रारींचं कारण बऱ्याचदा एकच निघतं ते असं. चूक होण्याचं कारणही साधं आहे. बाजारातल्या स्टिरिओच्या वायरींमध्ये काळा पट्टा असलेली वायर मायनस असते (पांढरी प्लस, पांढरी-काळी मायनस). गाडी कंपनीच्या मूळ वायरींना असा नियम लागू नाही. तिथे पट्टा प्लसवरही असू शकतो, म्हणून त्या गाडीचा वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय जोडलेली प्रत्येक जोडी संशयास्पद धरायची.

बॅलन्सने काहीच फरक पडला नाही तर फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरची वाटणी) पुढे-मागे करा. काही अ‍ॅम्प सबचा सिग्नल फक्त मागच्या चॅनलवरून घेतात, काही चारही चॅनल मिळवतात आणि काहींना सबसाठी स्वतंत्र जोडी लागते. दुकानात वेळ वाचवायला पुढची एकच जोडी जोडली असेल तर सब आणि मागची दारं गप्प राहणारच.

आता मुळाशी जाऊ. साध्या गाडीत स्टिरिओच्या आतच चार चॅनलची अ‍ॅम्प चिप असते आणि स्टिरिओतून निघणाऱ्या वायरी थेट दारातल्या स्पीकरला जातात. बोस, जेबीएल, हरमन अशी पाटी असलेल्या गाडीत बहुधा स्टिरिओ फक्त सिग्नल देतो. ताकद देणं, ट्वीटर-वूफरची वाटणी करणं, प्रत्येक स्पीकरचा स्वभाव दुरुस्त करणं हे सगळं वेगळ्या अ‍ॅम्पमध्ये होतं. प्रश्न एवढाच उरतो की स्टिरिओ ते अ‍ॅम्प या वायरींतून नेमकं काय वाहतंय. ते मोजल्याशिवाय कुठलाही कपलर (वायरींचा प्लग), कन्व्हर्टर किंवा डब्बा विकत घेऊ नये. पाटीवरचं नाव पुरत नाही. एकाच ब्रँडच्या दोन सिस्टिम, दोन वेगळ्या गाड्यांत, वायरींच्या बाबतीत एकमेकींना ओळखतही नाहीत.

मोजायला मूळ स्टिरिओ लागतो. तो दुकानातच सोडून आला असाल तर आधी परत आणा. तो पुन्हा जोडा, चालू करा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पकडे जाणारी प्रत्येक वायर गाडीच्या बॉडीच्या तुलनेत तपासा. प्लस आणि मायनस दोन्हींवर साधारण ६ व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या निम्मे, दिसले तर स्टिरिओत अ‍ॅम्प चिप आहे आणि सिग्नल स्पीकर पातळीचा, म्हणजे ताकद मिळालेला, आहे. आकडा त्याहून बराच कमी किंवा शून्याजवळ असेल तर तो लाइन पातळीचा, म्हणजे अजून ताकद न मिळालेला, असण्याची शक्यता जास्त. शिक्कामोर्तब एसी व्होल्ट मोजून करायचं. १०० हर्ट्झचा टोन यूएसबीवर टाकून वाजवा आणि आता मीटरच्या पिना एकाच जोडीच्या प्लस-मायनसवर लावा, बॉडीवर नाही. १०० हर्ट्झच का, तर स्वस्त मल्टिमीटर घरच्या ५० हर्ट्झसाठी बनवलेले असतात आणि वरच्या हर्ट्झवर त्यांचे आकडे भरवशाचे नसतात. आवाज बराच वाढवल्यावर ५ ते १० व्होल्ट दिसले तर स्पीकर पातळी, १ ते ४ व्होल्ट दिसले तर लाइन पातळी. हे आकडे लिहून ठेवा, नव्या स्टिरिओची तुलना यांच्याशीच करायची आहे.

तिसरी शक्यता विचित्र वाटेल: आवाजाचं बटण फिरवूनही व्होल्टेज बदलतच नाही. म्हणजे स्टिरिओ ठरावीक पातळीचा सिग्नल पाठवतो आणि 'आवाज किती' हा हुकूम डेटा वायरवरून अ‍ॅम्पला स्वतंत्र जातो. अशा गाडीत नुसत्या वायरी जोडल्या तर अ‍ॅम्प उठणारच नाही, किंवा उठला तर शेवटच्या पातळीवर अडकून बसेल. तिथे त्या गाडीची डेटा भाषा बोलणारा इंटरफेस लागतो. पॅक, अ‍ॅक्सेस, आयडेटालिंक मॅस्ट्रो ही यातली जुनी नावं. चिनी अँड्रॉइड संचांबरोबर येणारा, गाडीच्या डेटा वायरला जोडायचा कॅनबस बॉक्सही काही गाड्यांत हे काम करतो. मात्र बॉक्स कुठल्या कंपनीचा आहे (राइज, हायवर्ल्ड, सिंपल सॉफ्ट वगैरे) ते त्याच्या स्टिकरवर वाचून स्क्रीनच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये तीच कंपनी, तेच मॉडेल आणि 'विथ अ‍ॅम्प' असा पर्याय असेल तर तोही निवडावा लागतो. निवड चुकली की स्टिअरिंगची बटणं चालतात पण आवाज येत नाही, आणि दोष बिचाऱ्या अ‍ॅम्पवर जातो.

तुमच्या गाडीत आवाज येतोय, कमी-जास्तही होतोय. याचा अर्थ अ‍ॅनालॉग सिग्नल पोहोचतो आहे आणि काम सोपं आहे. मूळ सिग्नल लाइन पातळीचा निघाला तर नव्या स्टिरिओच्या मागच्या आरसीए सॉकेटमधूनच (लाइन पातळीचा सिग्नल देणारी गोल सॉकेट) अ‍ॅम्पला जा: पुढचा डावा-उजवा, मागचा डावा-उजवा, अशा चार जोड्या. आरसीएची मधली पिन अ‍ॅम्पच्या प्लसला, बाहेरची जाळी त्याच चॅनलच्या मायनसला. कंपनीच्या अ‍ॅम्पचं इनपुट बहुधा डिफरेन्शियल असतं, म्हणजे प्लस आणि मायनसमधला फरक तेवढा तो वाढवतो आणि दोन्ही वायरींवर सारखा येणारा गोंगाट टाकून देतो. चारही मायनस एकत्र पिळून बॉडीला अर्थ केल्या की ही सोय गेली. अ‍ॅक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ही अल्टरनेटरची असते आणि ती नेमकी अशा जोडणीतून आत शिरते.

शिट्टी कुठून येते ते असं शोधा. इंजिन चालू ठेवून आरसीए स्टिरिओच्या मागून उपसा. शिट्टी थांबली तर दोष स्टिरिओच्या बाजूला, बहुधा त्याच्या अर्थमध्ये. सुरूच राहिली तर सुट्या आरसीएची पिन आणि जाळी एकमेकींना टेकवा. आता थांबली तर वायरच अँटेनासारखा गोंगाट गोळा करत होती, तरीही थांबली नाही तर अ‍ॅम्पचा स्वतःचा अर्थ बघा. स्टिरिओचा काळा अर्थ मूळ कपलरच्या अर्थ पिनवरच जायला हवा. डॅशबोर्डमागच्या एखाद्या रंगवलेल्या पत्र्याला स्क्रूने आवळलेला अर्थ आज चालतो आणि कोकणातल्या एका पावसाळ्यानंतर गंजून रुसतो. ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी शेवटचा उपाय म्हणून ठेवा. तिच्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर शिट्टीबरोबर खालचा बासही थोडा खातो.

मूळ सिग्नल स्पीकर पातळीचा होता तर नव्या स्टिरिओचे स्पीकर आउटपुट त्याच वायरींना जोडायचे, मध्ये काही लागत नाही. उलटी चूक मात्र फार दिसते: अ‍ॅम्पला लाइन पातळी हवी आणि दुकानात स्पीकर आउटपुट जोडलेले. मग आवाजाचा आकडा ५-६ वर नेताच सगळं फाटतं आणि शांततेत सतत 'स्स्स' ऐकू येतं. आरसीएपर्यंत पोहोचणं शक्यच नसेल तर लाइन आउटपुट कन्व्हर्टर (स्पीकर पातळी उतरवून लाइन पातळी करणारी डबी) घाला, तोही ट्रान्सफॉर्मर असलेला, कारण स्पीकर आउटपुटच्या दोन्ही वायरींवर ते ६ व्होल्ट कायम असतात. त्याच कारणासाठी स्टिरिओच्या स्पीकर वायरीची मायनस कधीही बॉडीला टेकवू नये. चिपचं संरक्षण जागं असेल तर स्टिरिओ गप्प होतो, नसेल तर चिप जाते.

आरसीए नीट जोडूनही आवाज मूळपेक्षा कमी वाटला तर तोच १०० हर्ट्झचा टोन लावून आरसीएवर मोजा. मूळ स्टिरिओ ४ व्होल्ट देत होता आणि नवा जेमतेम १.५, असं निघालं तर फरक साडेआठ डेसिबलचा आहे. तो इक्वलायझरने भरून काढायला जाऊ नका. लाइन ड्रायव्हर (सिग्नलचे व्होल्ट वाढवणारी डबी) लावा किंवा गेनचे स्क्रू असलेला इंटरफेस घ्या.

आता 'धप्'. अ‍ॅम्पला जागं करणारी रिमोट वायर बहुधा चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाल एसीसी वायरला जोडलेली असणार. त्यामुळे चावी फिरवताच स्टिरिओ आणि अ‍ॅम्प एकाच क्षणी मरायला लागतात, आणि स्टिरिओचं आउटपुट कोसळताना अ‍ॅम्प अजून अर्धा जिवंत असतो; तो धक्का स्पीकरमधून बाहेर येतो. रिमोट स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या वायरवरून घ्या. स्टिरिओ ती वायर आधी सोडतो आणि मग स्वतः बंद होतो. शेजारची नुसती निळी वायर ही अँटेनासाठी असते. रेडिओ लावला की आवाज येतो आणि ब्लूटूथवर गेलं की सगळं बंद, असा प्रकार झाला तर रिमोट त्या निळ्या वायरला गेला आहे हे न उघडताच सांगता येतं. अजून एक खबरदारी: काही अ‍ॅम्पना जागं व्हायला १२ नव्हे, ५ व्होल्टच लागतात. मूळ स्टिरिओ जोडलेला असताना त्या पिनवर किती येतं ते आधी मोजा. तिथे १२ व्होल्ट सरळ दिले तर अ‍ॅम्पचा आतला भाग जळू शकतो.

जोडणी सुधारल्यावर स्टिरिओची सेटिंग उतरवा. लाउडनेस बंद, बास बूस्ट बंद, हाय-पास (बास गाळणारा फिल्टर) बंद, इक्वलायझर सपाट. त्या दारांसाठी, त्या सीटांसाठी केलेली दुरुस्ती अ‍ॅम्पमध्ये आधीच बसवलेली आहे. तिच्यावर 'रॉक' आणि 'पॉप' चढवले की कितीही महागाची सिस्टिम रिक्षासारखी वाजते.

दुकानदाराच्या सल्ल्याकडे वळू. अ‍ॅम्प काढून स्पीकर थेट जोडणं म्हणजे बायपास. अ‍ॅम्प खरोखर मेला असेल तर तो मार्ग आहे, पण फुकट नाही. बोसच्या अनेक सिस्टिममध्ये दारातले स्पीकर २ ओहमचे, काहींत त्याहूनही कमी ओहमचे असतात. अँड्रॉइड स्टिरिओत नेहमी दिसणारी टीडीए७३८८ ही चिप ४ ओहमसाठी आहे. टीडीए७८५० मात्र २ ओहम झेलते. दाराचं पॅनल काढून स्पीकरची एक वायर सोडवा आणि ओहम मोजा. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा त्यातून वजा करा. ३.२ ते ३.७ आला तर स्पीकर ४ ओहमचा, १.६ ते १.९ आला तर २ ओहमचा. २ ओहमच्या स्पीकरवर साधी चिप तासाभरात तापून बंद पडायला लागते, आणि दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून लवकर.

शिवाय खोक्यावर '४×५० वॉट' छापलेलं असलं तरी १४.४ व्होल्टवर ४ ओहमला स्वच्छ साइन वेव्हची कागदी कमाल मर्यादाच सुमारे २६ वॉट आहे. प्रत्यक्षात १८-२० मिळतात. सब चालवणं या चिपच्या आवाक्यातलं नाही, म्हणजे त्याला वेगळा अ‍ॅम्प आलाच.

ट्वीटरचा धोका सगळ्यात मोठा. कंपनीचा अ‍ॅम्प ट्वीटरला गाळलेलाच सिग्नल देत असेल तर ट्वीटरवर कपॅसिटर नसतो. तो थेट जोडला की बासचा करंट त्याच्यातून जातो आणि पहिल्याच प्रवासात तो जळतो. प्रत्येक ट्वीटरच्या प्लसमध्ये ४.७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घाला. ४ ओहमच्या ट्वीटरवर तो सुमारे ८,५०० हर्ट्झपासून खालचं कमी करत जातो. गाणं त्यामुळे फारच कोरडं वाटलं तर ६.८ घालून बघा, कट-ऑफ ५,८०० च्या आसपास येतो. सामान्य इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे चालत नाही. बायपाससाठी डॅशबोर्डपासून अ‍ॅम्पच्या जागेपर्यंत नऊ तारांची एक केबल ओढा: आठ तारा स्पीकरच्या, नववी सबच्या नव्या अ‍ॅम्पच्या रिमोटची. अ‍ॅम्पच्या कपलरवरच जोडणी केली की दारांत नव्या वायरी घालाव्या लागत नाहीत.

याच्या उलट, कंपनीचा अ‍ॅम्प ठेवून नुसते दारातले स्पीकर बदलायचा मोह अनेकांना होतो. २ ओहमच्या जागी ४ ओहमचा लावला की त्या स्पीकरला निम्मी ताकद मिळते, आवाज ३ डेसिबलने उतरतो आणि न बदललेल्या स्पीकरशी त्याचा मेळ जातो. पैसे घालून आवाज कमी करून घेण्याचा हा सोपा मार्ग.

ज्यांच्याकडे जुनी बीएमडब्ल्यू, मर्सिडीज किंवा ऑडी आहे त्यांना वरचं मोजमाप बहुधा लागू नाही. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजपासून या वर्गात मोस्ट नावाची पद्धत आली. तिच्यात आवाज प्लास्टिकच्या ऑप्टिकल फायबरच्या वर्तुळातून फिरतो, आणि वर्तुळ एका जागी तुटलं की सगळं गप्प. यांच्यासाठी मिळणाऱ्या अँड्रॉइड स्क्रीन मूळ स्टिरिओ काढत नाहीत, त्याच्यापुढे बसतात आणि आवाज बहुधा एयूएक्समधून देतात. म्हणून मूळ मेनूत एयूएक्स निवडलेलं असावं लागतं. आवाज अजिबात नसेल तर सगळ्यात आधी हे बघा की मूळ कपलरमधली फायबरची छोटी जोडी नव्या कपलरमध्ये हलवली आहे का. ती वायरींच्या गर्दीत सहज विसरली जाते. ही फायबर २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नका आणि तिला इन्सुलेशन टेप मारून घट्ट आवळू नका.

महिंद्रा एक्सयूव्ही७०० मधली सोनीची १२ स्पीकरची सिस्टिम, किंवा अलीकडच्या ज्या गाड्यांत एसी, कॅमेरा, गाडीच्या सेटिंग सगळं स्क्रीनमध्येच आहे, तिथे स्क्रीन बदलण्याचा विचारच सोडा. आवाज सुधारायचा असेल तर मूळ स्टिरिओ ठेवून हाय-लेव्हल (स्पीकर पातळीचा) इनपुट असलेला डीएसपी, म्हणजे आवाजाची डिजिटल दुरुस्ती करणारा, अ‍ॅम्प जोडतात. एक मेख आहे. कंपनीच्या अ‍ॅम्पनंतरची दारातली वायर पकडली तर त्यात फक्त वूफरचा भाग असतो, शब्द ट्वीटरच्या वायरवर गेलेले असतात. दोन्ही घेऊन डीएसपीत मिळवावे लागतात, आणि आवाज वाढवताना कंपनीने मुद्दाम कमी केलेला बासही तिथेच सपाट करावा लागतो.

गाडीत अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन असेल (होंडाच्या काही गाड्यांत आणि इथल्या फोर्ड एन्डेव्हरच्या वरच्या मॉडेलमध्ये होतं) तर ते छतातल्या माइकने ऐकून स्पीकरमधून उलटा आवाज सोडतं. सब किंवा अ‍ॅम्प बदलल्यावर त्याचा हिशेब चुकतो आणि काचा बंद केल्या की खोल घुमणारा आवाज सुरू होतो. उपाय एकच, ते मॉड्यूल शोधून सोडवणं.

सीटखाली हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. टोयोटाच्या सूचनांत ९० सेकंद थांबायला सांगतात, पाच मिनिटं थांबलेलं बरं. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. ते सोडवून चावी फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतो.

मूळ कपलर कापू देऊ नका. जुळणारा कपलर घेऊन सगळे जोड नव्या बाजूला करा, सोल्डर आणि हीट श्रिंकने किंवा चांगल्या क्रिम्पने. पिळून काळी टेप मारलेला जोड नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात डिंकासारखा सुटतो, आणि सुटलेली पिवळी वायर, जिच्यात बॅटरीचे १२ व्होल्ट कायम असतात, कशाला टेकेल ते सांगता येत नाही. पिवळ्या वायरवर स्टिरिओजवळच १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज हवा. डॅशबोर्ड परत बसवण्याआधी बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावा, दरवाज्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला म्हणजे गाडी झोपेल, आणि अर्धा तास थांबा. आकडा ५० मिलिअँपिअरच्या खाली उतरायला हवा. २००-३०० वर अडकला तर कॅनबस बॉक्सचा कपलर उपसून बघा. आकडा पडला तर दोषी तोच, आणि रिमोटला १२ व्होल्ट कायम मिळत असतील तर अ‍ॅम्प.